आधी मेंढराला

दिवेलागणीला फोन वाजला की तो आबांचा, हे न बघता कळायचं. माझ्या वडिलांशिवाय मला त्या वेळेला फोन करणारं होतं तरी कोण? बँकवाल्या बायका भरदुपारी करतात. मी "हॅलो" म्हणायच्या आत तिकडून खणखणीत आवाज यायचा, "खाल्लं का तिनं?"

ती म्हणजे मेंढी. आमच्या प्रयोगातली. तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्यात आम्ही एक उपचार करून बघत होतो. मी सांगायची, व्हय आबा, खाल्लं, लसूणघास खाल्ला, पेंड खाल्ली, पाणी प्याली. मग रवंथ करती का, पाय टेकती का, बाकीच्यांत मिसळती का, सगळी चौकशी. आणि फोन ठेवता ठेवता, आठवण झाल्यागत, "आन तू? तू जेवलीस का?"

मला भारी राग यायचा. एकदा म्हटलंच, "आबा, पोटची पोर कोण? मी का ती?" तर खो खो हसले. "आगं येडे, आधी मेंढराला. इसरलीस व्हय?"

विसरायला काय झालंय! आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. आबा पोरसवदा असताना दिवाळी झाली की माणसं, मेंढरं, घोडी, कोंबड्या असा सगळा बारदाना घाट उतरून जायचा आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचा. त्या चालीत एक नियम होता. पाण्यावर पोचलं की आधी मेंढरं पिणार, मग माणसं. घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटली तरी कुणी आधी ओंजळ भरायची नाही. खाण्याचं तेच, औषधपाण्याचंही तेच. आणि मेंढरांचं झालं की लगेच माणसांचं, मध्ये थांबणं नाही. पुढं मेंढरं गेली, कॅनॉलचं पाणी आलं, निमगाव केतकीच्या आमच्या रानात ऊस आणि डाळिंब उभं राहिलं, पण नियम काही आबांच्या अंगातून गेला नाही. माझ्या लहानपणी दारात दोनच शेळ्या होत्या, तरी त्यांच्यापुढं पाला पडल्याशिवाय आमच्या ताटात भाकरी पडत नसे.

मी बारामतीला एका संशोधन केंद्रात काम करते. लग्न केलं होतं, टिकलं नाही, आणि त्यावर मी बोलत नाही. एका खोलीत राहते. भाऊ नाही, बहीण नाही. आई गेली तेव्हापासून आबा मळ्यातल्या घरात एकटे आणि मी इथं एकटी. मध्ये तासाभराचा एसटीचा रस्ता.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर रोबो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हातपायवाला लोखंडी माणूस उभा राहतो. माझे घरमालक अजून विचारतात, "मॅडम, तुमचा रोबो भांडी घासतो का हो?" अहो, माझा रोबो नुसत्या डोळ्यांना दिसत सुद्धा नाही! केसाहून बारीक, स्क्रूसारखा पीळ दिलेला, वर लोखंडाचा पातळ थर. ना बॅटरी, ना मेंदू. बाहेरून चुंबक फिरवलं की गिरक्या घेत पुढं सरकतो, एवढीच त्याची अक्कल. त्याच्या अंगावर जिवंत पेशी बसवायच्या. मग एका जेलमध्ये मिसळून असे हजारो रोबो सुईनं गुडघ्यात सोडायचे आणि चुंबकानं हाकत हाकत, जिथं कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून खड्डा पडलाय तिथं नेऊन बसवायचे. जेल थंड असताना ताकासारखं पातळ असतं. अंगाची ऊब लागली की घट्ट बसतं आणि रोबो जागच्या जागी धरून ठेवतं. पुढं पेशी आपली नवी कूर्चा तयार करत जातात तसं जेल हळूहळू विरघळून जातं. असल्या पदार्थांना आमच्यात स्मार्ट म्हणतात.

आबांना हे समजावताना मी खरवसाचं उदाहरण दिलं होतं. पातळ चीक आणि वाफेवर घट्ट झालेला खरवस. ते म्हणाले, "स्मार्ट म्हंजी शाना ना? म्हंजी शाना खरवस. आन ह्याच्यासाठी तुला एवढं शिकिवलं." चेष्टा करायची त्यांची ही पद्धत. हसतात आधी स्वतःच.

पेशींना रविवार नसतो. त्या ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी बदलावंच लागतं, म्हणून सगळं केंद्र बंद असताना मी तिथं असते. पंख्याचा आवाज, फ्रीजचा आवाज आणि मी. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर रोबो सरकत असतात आणि मी त्यांच्याशी बोलत बसते. "चल गं बाई, वळ. तिकडं कुठं निघालीस? इकडं ये." कुणी ऐकलं तर म्हणेल, हिला लागलं वेड. लागू दे. दुपारी डबा उघडते तेव्हा समोर खुर्ची असते, खुर्चीत कुणी नसतं. एकटं वाटतं. फार वाटतं. सांगायला लाज कसली?

एका रविवारी आबांना आणलं होतं दाखवायला. तेव्हा अजून त्यांना काठी टेकत चालता यायचं. पडद्यासमोर स्टुलावर बसले, चष्मा पुसला, परत लावला. मी चुंबक फिरवलं आणि काळे ठिपके घोळक्यानं एका अंगाला सरकले. आबांचं तोंड उघडंच राहिलं. "आगं, ही तर मेंढरंच राखतीस की तू! आमी काठीनं वळवायचो, तू लोहचुंबकानं." मग एकदम पुढं वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "ही कोन मागं ऱ्हायली?"

एक ठिपका ताटलीच्या कडेला चिकटून जागच्या जागी फिरत होता. मी म्हटलं, आबा, असे बरेच मागं राहतात, आम्ही ते धरूनच चालतो. त्यांना ते आवडलं नाही. मी दोन-तीनदा चुंबक फिरवून तो ठिपका घोळक्यात आणला तेव्हाच ते चहाला उठले.

त्यांचे गुडघे गेले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आधी कुरकुरत होते, मग सुजायला लागले, मग रात्रंदिवस ठणका. निमगावात स्टँडजवळच्या लिंबाखाली त्यांच्या वयाच्या म्हाताऱ्यांची बैठक बसते. मळ्यातून तिथपर्यंत आबा रोज चालत जायचे. तिथं तंबाखू, चहा, एकमेकांची टिंगल आणि सगळ्या तालुक्याचा न्यायनिवाडा. गुडघे गेले तसं जाणं थांबलं. सुरुवातीला कुणी ना कुणी मोटरसायकलवर न्यायला यायचं. पण मोटरसायकलवर टांग टाकायचीसुद्धा बंद झाली तेव्हा लोकांचं येणंही कमी झालं. कुणाचा दोष नाही, ज्याला त्याला आपला संसार आहे. आबा अंगणात बाज टाकून रस्त्याकडं बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "दिसभर तोंड मिटून बसावं लागतं गं. थुकाय तेवढं उघडतो." आणि हसले. मला हसू आलं नाही.

मी त्यांना बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भला माणूस. फोटो उजेडावर धरून म्हणाले, "बाबा, दोन्हीकडची गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. वाट्या बदलून टाकू. थोड्या दिवसांत स्टँडवर गप्पा मारायला जाल."

आबा म्हणाले, "कशाला? माझी पोरगी बनिवतीय की गादी."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला तर तिथंच धरणी दुभंगावी असं झालं. तिथं सांगितलं, रिक्षात सांगितलं, घरी पोचल्यावर समोर बसवून पुन्हा सांगितलं. "आबा, नीट ऐका. हे आत्ता काचेच्या ताटलीत चाललंय. आता आधी मेंढीवर होणार. माणसावर कधीतरी, लई वर्षांनी."

"आधी मेंढरावर?" त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, चला, पटलं.

"हो. आधी मेंढीवर."

"मंग ठरलं तर. मी थांबतो."

"अहो, थांबू नका म्हणतेय मी! वाट्या बदलून घ्या!"

"बरं बरं," म्हणाले आणि तंबाखूची डबी काढली. आबा बरं बरं म्हणाले की विषय संपला. मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, म्हातारा ऑपरेशनला घाबरतोय.

मेंढ्या आल्या. आमच्या केंद्रामागंच जनावरांच्या डॉक्टरांची गोठ्याची जागा आहे, तिथं ठेवल्या. भूल देऊन प्रत्येकीच्या एका गुडघ्यातली थोडी कूर्चा काढून खड्डा केला. त्यांतल्या एकीच्या गुडघ्यात रोबो आणि जेल सोडायचं होतं. दुसऱ्यांना नुसतं जेल, तिसऱ्यांना काहीच नाही, म्हणजे तुलना करता येते. ही आमची पहिलीच खेप होती. चुंबकाची चौकट तिच्या पायाभोवती बसवून मी पडद्याकडं बघत हाकायला लागले. ताटलीत हाकणं वेगळं आणि जिवाच्या आत हाकणं वेगळं. पण गेले. घोळक्यानं गेले आणि बसले.

त्या दिवसापासून माझे आणि तिचे दिवस एकत्र जायला लागले. सकाळी आल्या आल्या आधी गोठा. ती लंगडत कुंपणाशी यायची आणि माझ्या ॲप्रनचा वास घ्यायची, खिशात तोंड घालायची. दुपारचा डबा मी तिथंच खायला लागले, तिच्यासमोर पालथ्या पाटीवर बसून. खरं सांगते, त्या काळात मला सोबत दोघांचीच होती. आबा फोनवर आणि ही समोर. आणि ही आबांपेक्षा ऐकून घ्यायची.

ती पाय टेकायला लागली तेव्हा आबांनी फोनवर आरोळी ठोकली. ती बाकीच्यांबरोबर चरायला लागली तेव्हा म्हणाले, "बग, म्हनलं न्हवतं?" दुसरीकडं त्यांचं स्वतःचं चालणं बाजेपासून मोरीपर्यंत उरलं होतं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन भाकऱ्या थापून यायची, शेजारची मावशी कोरड्यास आणून द्यायची. मी प्रत्येक वेळी डॉक्टरांचा विषय काढायची आणि प्रत्येक वेळी आमचं वाजायचं.

"आबा, डोकं ठिकाणावर हाय का? असं किती दिवस घासत बसणार?"

"आता किती ऱ्हायलंय? मेंढराचं होत आलं न्हवं?"

"मेंढीचा काय संबंध?"

"तुला न्हाय कळायचं," म्हणायचे. मला वाटायचं, आडमुठेपणा, दुसरं काय.

शेवटी ती पळाली. खरोखर पळाली, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उगीचच, उन्हात. मी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आबांना सांगितलं, "आबा, आज पळाली ती! जरासुद्धा लंगडली नाही."  मग हळू आवाजात म्हणाले, "मंग झालं तिचं." आणि फोन ठेवला. तू जेवलीस का, हे पहिल्यांदाच विचारायचं राहिलं. मी मनाला लावून घेतलं नाही, कारण माझं मन दुसऱ्याच गोष्टीनं भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला मारायचं होतं.

यात लपवण्यासारखं काही नाही. हे पहिल्यापासून ठरलेलंच असतं, परवानगीच तशी घेतलेली असते. नवी कूर्चा खरी आहे का नुसता भराव आहे, हे बाहेरून कळत नाही. गुडघा काढून, त्याचे पातळ काप करून, रंगवून बघावे लागतात. आबांना हे मी घरी जाऊन तोंडानं सांगणार होते, फोनवर सांगण्यातली ती गोष्ट नव्हती.

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. मी म्हटलं, मी धरते. ते म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, तरी धरते. जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं नेहमीसारखं खिशात तोंड घातलं. इंजेक्शन दिलं. तिला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. माझ्या मांडीवर तिचं डोकं जड होत गेलं आणि मी बसून राहिले. नंतर डॉक्टरांनी हाताला धरून उठवलं.

हात धुऊन बाहेर आले तर पायरीवर आबा!

पांढरंशुभ्र धोतर, ठेवणीतली टोपी, एका बाजूला कपड्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला लसूणघासाची पेंढी. सकाळच्या एसटीत कुणीतरी चढवून दिलं होतं आणि बारामतीच्या स्टँडवरून रिक्षा करून आले होते. ज्या माणसाला अंगणातला नळ गाठवत नव्हता तो माणूस. चेहरा घामानं निथळत होता आणि हसत होता.

"आबा! तुम्ही इथं कसं?"

"कसं म्हंजी? तिचं झालं न्हवं? आता माझी बारी. काय खाऊन आलो न्हाय, बरं का. आपरेशनला उपाशी यावं लागतं, ठावं हाय मला." पेंढी पुढं सरकवली. "ही तिला आणली. दाव मला आधी, कशी पळती."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दुसरं काही सुचलंच नाही. पेंढीचा ओला वास येत होता. मी सांगितलं. सरळ सांगितलं, आबा, आज सकाळी तिला मारलं.

त्यांनी पुढं केलेली पेंढी मागं ओढून घेतली. मग म्हणाले, "मेलेली मेंढरं मी लई बघितली. इकली बी, कापली बी, खाल्ली बी. पर बरं झालेलं, पळाय लागलेलं… कशापायी?"

"आत गादी कशी आलीय ते बघायला."

"पळत हुती, त्यात दिसत न्हवतं व्हय?"

"दिसत होतं. पण तेवढ्यानं भागत नाही आबा. उद्या माणसाच्या पायात घालायचं तर…"

"कंच्या माणसाच्या?"

 आबांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडं.

"म्हंजी माझ्या न्हाय."

"नाही आबा. तुमच्या नाही. अजून कितीतरी मेंढ्या, कितीतरी वर्षं. ते होईल तेव्हा मी म्हातारी झालेली असेन."

"तू म्हनलीस, आधी मेंढरावर."

"हो, म्हटलं होतं."

"आमी पाण्यावर जायचो," ते म्हणाले, "तर मेंढरं पिऊन बाजूला झाली की लगी वाकायचो. मंग काय पुन्यांदा वाट बघाय लागायची न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस हा माणूस घाबरला नव्हता, आडमुठेपणाही करत नव्हता. तो पाण्याच्या काठावर उभा होता. मेंढरं पीत होती आणि तो आपल्या बारीची वाट बघत होता. मला ओरडून रडावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. रागानं नाही, टोपी सारखी करायला.

"दुखलं का तिला?"

"नाही."

"शेवटाला जवळ कोन हुतं?"

"मी होते. मांडीवर डोकं होतं तिचं."

त्यांनी मान डोलावली. "मंग ठीक हाय," म्हणाले. आणि जरा वेळानं, "बाकीची हाईत न्हवं? ऊठ. ही वैरण वाळून चालली."

गोठा पाठीमागंच आहे, पण आबांना ते अंतर संपता संपेना. मी चाकाची खुर्ची आणते म्हटलं तर डोळे वटारले. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, दर थोड्या पावलांवर थांबत, दात आवळत गेले. पेंढी सोडली, मूठ मूठ सगळ्यांपुढं टाकली आणि कुंपणाला रेलून त्यांचं खाणं बघत राहिले. मेंढ्यांचं खाऊन झाल्यावर मी माझा डबा उघडला. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली मी. 

दुपारच्या एसटीनं त्यांना सोडायला गेले. आबा खिडकीबाहेर बघत होते. वाटेतलं लासुर्णं गाव मागं पडल्यावर मान न वळवता म्हणाले, "त्या डाक्टरला सांग, घाला म्हनावं पोलाद. पर तू तितं पायजेस. तिच्याजवळ हुतीस तशी."

"तशी काय, आबा! तुम्ही बरे होणार आहात."

"ती बी बरी झाली हुती," म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या आल्या, साखर वाढलेली निघाली, ती खाली येईपर्यंत थांबावं लागलं. एका वेळी एकच गुडघा, असं डॉक्टरांनी ठरवलं. या मधल्या दिवसांत आबांचा फोन यायचा, पण तो फोन ऐकवत नसे. मी "हॅलो" म्हणायची आणि पलीकडं नुसता श्वास. काय विचारावं हे त्यांना समजायचं नाही. मग म्हणायचे, "बरं हाय न्हवं सगळं?" मी म्हणायची, "बरं हाय." आणि ठेवून द्यायचे. पहिला प्रश्नच उरला नव्हता, त्यामुळं दुसराही विचारायचा राहून जायचा. मी मोबाईल हातात धरून खोलीत तशीच बसायची. तुम्ही जेवलात का आबा, हे मलाही सुचायचं नाही. आम्हा दोघांना बोलायला ती मेंढी लागत होती, हे तेव्हा कळलं. तिच्या गुडघ्यातली कूर्चा चांगली आली होती. केंद्रात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, पेढे वाटले. मी दोन पेढे खोलीवर आणले आणि तसेच ठेवून दिले.

ऑपरेशनच्या दिवशी आबांना सकाळी लवकर आत घेतलं. मी स्ट्रेचरच्या बाजूनं दारापर्यंत गेले. टोपी काढलेलं त्यांचं डोकं मी क्वचितच बघितलेलं, केवढंसं दिसत होतं. ते वर छताकडं बघत होते. मी म्हटलं, "मी इथंच हाय, आबा. दाराशीच." त्यांनी मान हलवली. दार बंद झालं. ऑपरेशनच्या खोलीत नातेवाइकांना जाता येत नाही आणि मांडीवर डोकं घ्यायची तर गोष्टच सोडा. आबांनी मागितलेली एकच गोष्ट दाराच्या बाहेरच राहिली.

बाकड्यावर मी एकटीच होते. समोर भिंत. मनात नको नको ते येत होतं. मेंढीच्या डोक्याचा तो भार माझ्या मांडीला अजून आठवत होता.

जरा वेळानं दार उघडलं आणि नर्सबाई बाहेर आल्या.  त्या वैतागलेल्या होत्या.

"आबांची मुलगी तुम्हीच ना? अहो, पाठीत भूल द्यायचीय, त्यासाठी पुढं वाकावं लागतं. ते वाकतच नाहीत."

"का? दुखतंय का?"

"दुखत नाही हो. ते विचारतायत, तिनं खाल्लं का. म्हटलं, कोणी? तर म्हणे, माझ्या पोरीनं. ती काय खाऊन आली नसणार, म्हणतात. आधी तिनं खायाचं, मगच मी वाकणार. डॉक्टर सुई हातात धरून उभे आहेत तिथं!"

मी खरंच काही खाल्लं नव्हतं. आदल्या दुपारपासून. आणि तिथं, त्या दारात, एवढी मोठी बाई, मी हमसून हमसून रडायला लागले. नर्सबाई घाबरल्या, पाठीवर हात ठेवला. पर्समध्ये बिस्किटाचा एक चुरा झालेला पुडा सापडला. मी तो फोडला आणि त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ला. सगळा खाल्ला, रिकामा पुडासुद्धा दाखवला. त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन झालं तेव्हा त्या वळल्या आणि दार अर्धं ढकलून आत ओरडल्या, "खाल्लं हो आबा तिनं. पाणी पण प्याली."